गाणे कानापर्यंत, कार्यकर्ता दारापर्यंत

निवडणूक जाहीर झाली की दोन गोष्टी हमखास घडतात. एक, आचारसंहिता लागू होते. आणि दुसरी, मतदानाचे गाणे येते. एखादा लोकप्रिय गायक, पाठीशी ढोल-ताशा अथवा गिटार, बोटावरची शाई दाखविणारे हसरे चेहरे, शेतकरी, सैनिक, नववधू, काठी टेकत आलेली आजी आणि सरतेशेवटी आयोगाचे बोधचिन्ह. ही गाणी ऐकायला वाईट नसतात. काही तर खरोखरच चांगली असतात. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मतदार दिनाच्या निमित्ताने निवडणूक आयोगाने सुभाष घई यांच्या साहाय्याने ‘मैं भारत हूँ’ हे गीत तयार करविले. नामवंतांचे स्वर आणि देखणे चित्रीकरण, कशातही कसर नव्हती. त्याच वर्षी सचिन तेंडुलकर यांना आयोगाने मतदार जागृतीसाठी ‘राष्ट्रीय आयकॉन’ म्हणून निवडले. पुढच्याच वर्षी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ‘मेरा पहला वोट देश के लिए’ ही मोहीम महाविद्यालयांमधून फिरली. तिलाही गीत होतेच.

आणि मग मतदान झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबई मतदारसंघात निम्म्याच्या आसपास मतदारांनी मतदान केले, आणि गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्क्यांनी. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत आयोगाने शहरी मतदार शनिवार-रविवारला जोडून सहलीला जाऊ नये म्हणून मुद्दाम बुधवार निवडला. महाराष्ट्रात ६६ टक्के मतदान झाले, १९९५ नंतरचे सर्वाधिक. तरीही कुलाबा मतदारसंघ ४४ टक्क्यांवरच अडला. आता गडचिरोलीचा विचार करा. नक्षलवाद्यांच्या बहिष्काराची तेथे अनेक वर्षांची छाया, काही केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने न्यावे लागतात, कित्येक ठिकाणी सुरक्षेसाठी मतदान दुपारी तीन वाजताच थांबवितात. मतदानाचे गाणे कुलाब्यातील तरुणाच्या हातातील मोबाईलवर दहा वेळा वाजले असेल. गडचिरोलीतील कित्येक पाड्यांवर ते वाजवायला नेटवर्कच नसते.

यावरून गाणी निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु गाण्याकडून आपण नेमकी कशाची अपेक्षा करतो, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. विशेषतः आपल्या कार्यकर्त्यांनी तो विचारला पाहिजे, कारण अलीकडे आपल्याकडेही ‘एक छानसे रील करू, तरुणाई आपोआप येईल’ असा सूर बैठकांमधून ऐकू येऊ लागला आहे.

ही कल्पना मुळात आली अमेरिकेतून, आणि तिच्या जन्माची कथा रंजक आहे. १९७१ मध्ये तेथे मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले गेले. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत १८ ते २४ वयोगटातील जवळपास निम्म्या तरुणांनी मतदान केले. त्यानंतर आकडा घसरत घसरत १९८८ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. १९९० मध्ये ‘रॉक द व्होट’ ही संस्था उभी राहिली. उभी केली ती समाजशास्त्रज्ञांनी नव्हे, ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी. व्हर्जिन रेकॉर्ड्सचे जेफ आयरॉफ हे त्यांतील प्रमुख. कारण? त्या काळात गीतांमधील अश्लीलतेविरुद्ध पालकांनी आघाडी उघडली होती, ध्वनिमुद्रिकांवर इशाऱ्याची चिठ्ठी लावणे सुरू झाले होते, काही गायकांवर खटलेही भरले गेले होते. आपला ग्राहकच मतदार झाला तर राजकारणी आपल्या वाटेला जाणार नाहीत, हा हिशेब त्यामागे होता. गंमत अशी की, पालकांच्या त्या आघाडीच्या नेत्यांपैकी एक होत्या टिपर गोर. आणि १९९२ मध्ये तरुणांच्या मतांचा आधार लाभलेल्या क्लिंटन यांच्यासमवेत उपराष्ट्राध्यक्ष झाले ते त्यांचेच पती. बाजाराला तत्त्वापेक्षा गिऱ्हाईक जवळचे असते, हे तेथेही दिसले.

१९९२ ची निवडणूक संगीत वाहिन्यांनी गाजविली. एमटीव्हीने ‘चूज ऑर लूज’ ही मोहीम काढली, क्लिंटन दूरचित्रवाणीवर काळा चष्मा लावून सॅक्सोफोन वाजवून गेले, आणि १८ ते २४ वयोगटाचे मतदान ४३ टक्क्यांपर्यंत चढले. जयजयकार झाला. तथापि त्या वर्षी आर्थिक मंदीची झळ जाणवत होती, रॉस पेरो यांच्यासारखा तिसरा उमेदवार रिंगणात होता आणि सर्वच वयोगटांचे मतदान वाढले होते. चार वर्षांनी, १९९६ मध्ये, गाणी तीच होती, वाहिन्या तशाच होत्या, तारे-तारका अधिकच उत्साहात होत्या. तरुणांचे मतदान मात्र ३२ टक्क्यांवर कोसळले. म्हणजे १९८८ पेक्षाही खाली. त्या साऱ्या खटाटोपातून जे टिकाऊ निघाले ते गाणे नव्हते, कायदा होता. वाहन परवाना काढतानाच मतदार नोंदणी करता यावी असा कायदा १९९३ मध्ये झाला. त्याच्यासाठी ‘रॉक द व्होट’ने जोर लावला होता, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आपल्याकडे ही लाट २००८ च्या सुमारास आली. टाटा टी आणि बंगळूरुची ‘जनाग्रह’ ही संस्था यांनी ‘जागो रे’ मोहीम काढली. निवडणुकीच्या दिवशी मतदान करीत नसाल तर तुम्ही झोपलेले आहात, असे चहाच्या जाहिरातीने सांगितले. दिल्लीच्या निवडणूक यंत्रणेने त्या वर्षी गाजलेल्या एका चित्रपटगीतातील ‘पप्पू’ उचलला आणि मतदान न करणारा तो पप्पू अशी मोहीम चालविली. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत दिल्लीचे मतदान २००३ पेक्षा काहीसे वाढले, हे नोंदवायला हवे. (त्या नावाचे पुढे राजकारणात काय झाले, ते वाचकांना सांगणे नलगे.)

मुंबईचा अनुभव मात्र विषण्ण करणारा होता. २६ नोव्हेंबर २००८ ला पाकिस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या दहा जिहादी दहशतवाद्यांनी या शहरावर हल्ला केला. आठवडाभराने गेटवे ऑफ इंडियापाशी मेणबत्त्या घेऊन प्रचंड जनसमुदाय जमला. राजकारण्यांविरुद्धचा संताप वाहिन्यांनी रात्रंदिवस दाखविला. आता मुंबई बदलणार, सुशिक्षित तरुण मतदानाला लोटणार, असे सांगितले जात होते. एरवी कोणत्याही जाहिरातीला निर्माण करता आले नसते असे वातावरण होते, जोडीला ‘जागो रे’ होतेच. ३० एप्रिल २००९ ला, गुरुवारी, मतदान झाले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी, त्याला लागून शनिवार-रविवार. मुंबईत चाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. मेणबत्ती लावायला जो हात पुढे आला होता, तो पाच महिन्यांनी बॅग भरण्यात गुंतला होता, असे कोणी म्हटले तर ते कठोर वाटेल; पण आकडे त्याहून कठोर आहेत.

असे का व्हावे? मेणबत्ती लावणाऱ्यांचा राग खोटा नव्हता. परंतु तो राग आणि मतदान केंद्र यांच्यामध्ये कोणीही माणूस उभा नव्हता. यादीत तुझे नाव आहे का, केंद्र कोणत्या शाळेत आहे, सकाळी मी तुला घ्यायला येतो, असे म्हणणारे कोणी नव्हते. पडद्याने भावना चेतविली आणि पडदाच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विषयाकडे वळला.

लोकप्रिय संगीतातून राष्ट्रजागृती करणे आपल्याला नवे नाही. उलट या विद्येत महाराष्ट्राने कोणाकडून धडे घ्यावेत अशी स्थितीच नाही. लोकमान्यांनी १८९३ नंतर गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, आणि उत्सवातील मेळ्यांनी घराघरांत ठाऊक असलेल्या चालींवर राजकारण गायिले. नाशिकचे उदाहरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने मनाशी ठेवावे असे आहे. गोविंद त्र्यंबक दरेकर हे पायाने अधू असलेले कवी आरंभी लावण्या रचीत. लावणी म्हणजे त्या काळचे लोकप्रिय संगीतच, आजच्या भाषेत ‘हिट’ होणारे. सावरकर बंधूंच्या सहवासात हे दरेकर मित्रमेळ्यात आले आणि स्वातंत्र्यकवी गोविंद झाले. तोच ठेका, तीच शब्दांवरची हुकमत. आशय मात्र पालटला. स्वातंत्र्यवीरांनी स्वतः तानाजी आणि बाजीप्रभूंचे पोवाडे रचले. सरकारने त्यांवर बंदी घातली. गोविंदांच्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

गाण्याच्या पुस्तिकेपायी काळे पाणी! इंग्रज सरकार मूर्ख नव्हते. नुसत्या गाण्याला ते इतके भ्याले नसते. त्यांना ठाऊक होते की, हे गाणे म्हणणारा मुलगा आठवड्याला मित्रमेळ्याच्या बैठकीस जातो, तेथे त्याची कोणी तरी हजेरी घेतो, त्याच्या घरी जातो, त्याच्यावर काम सोपवितो. गाण्याच्या मागे संघटना होती. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी महाराष्ट्र हलविला. त्यांच्या साम्यवादी विचारांशी आपले पटणारे नाही, परंतु त्यांच्या डफाची ताकद नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या डफामागेही गावोगावच्या समित्या होत्या, जनसंघही संयुक्त महाराष्ट्र समितीत होता, आणि १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात त्याचा जबर तडाखा बसला.

आणखी एक गोष्ट. तेव्हा गाणारा स्वतः आधी गेलेला असे. सुधीर फडके, आपले बाबूजी, ‘गीतरामायणा’ने १९५५ मध्ये घराघरांत पोहोचले. पुणे आकाशवाणीवर वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, ५६ गीते झाली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९५४ मध्ये, हा गायक दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष उतरला होता. त्या कार्याच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. असा कलावंत ‘चला’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाचे वजन वेगळे असते. आजचे तारे-तारका आयोगासाठी विनामूल्य चित्रीकरण करून देतात, त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु याच चेहऱ्यांनी सकाळी शीतपेय आणि दुपारी पानमसाला विकलेला असतो. संध्याकाळी तेच चेहरे लोकशाही ‘विकू’ लागले की, तरुण ते जाहिरातीसारखे ऐकतो आणि जाहिरातीसारखे विसरतो.

माध्यमांची शक्ती उलट दिशेनेही वापरली गेली आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच सर्वांत स्पष्ट दिसली. आणीबाणीत सरकारी कार्यक्रमात गाण्यास नकार दिला म्हणून किशोरकुमारांची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. निवडणूक जाहीर झाल्यावर, ६ फेब्रुवारी १९७७ च्या रविवारी, दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाशजी आणि जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी ‘बॉबी’ दाखविला. तरुणांना वेड लावणारा चित्रपट, तुफान गाजलेली गाणी, तोही घरबसल्या फुकट. तरीही मैदान भरले. ‘बाबूं’नी ‘बॉबी’ला हरविले, असे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी लिहिले. देशातील सर्वांत लोकप्रिय गाणी आणि एकमेव वाहिनी ज्यांच्या हाती होती, त्यांचा मार्चमध्ये पराभव झाला. त्या निवडणुकीत संघावर बंदी होती. स्वयंसेवक तुरुंगातून सुटून थेट गल्लीबोळांत फिरत होते. त्यांच्यापाशी ना पडदा होता ना ध्वनिमुद्रिका. घरी येणारा माणूस ओळखीचा होता, आणि त्याने किंमत मोजलेली आहे हे घरातल्यांना ठाऊक होते.

जी गोष्ट आपण अनुभवाने जाणतो, ती अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी मोजून दाखविली. येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरातील सुमारे तीस हजार मतदारांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना पत्रे पाठविली, काहींना व्यावसायिक केंद्रातून दूरध्वनी केले, काहींच्या दारावर माणूस पाठविला. काहींना काहीच नाही. पत्रांनी किंचित फरक पडला. दूरध्वनींनी पडलाच नाही. दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी ज्यांचे बोलणे झाले, त्यांचे मतदान मात्र आठ-नऊ टक्क्यांनी वाढले. याच ग्रीन यांनी पुढे एका सहकारी अभ्यासकासह २००४ मधील ‘रॉक द व्होट’च्या दूरचित्रवाणी जाहिरातींचीही अशीच परीक्षा घेतली. अठरा-एकोणीस वर्षांच्या नव्या मतदारांवर त्यांचा तीन टक्क्यांच्या आसपास परिणाम दिसला, त्याहून मोठ्या वयात जवळजवळ नाही. म्हणजे गाणे-जाहिरात अगदीच वाया जात नाही. पहिल्यांदाच मत देणाऱ्याच्या मनात ते ठिणगी टाकू शकते. परंतु दारावरच्या थापेची बरोबरी ते करीत नाही.

आपल्याकडे तर त्या आधीचाच टप्पा अडलेला आहे. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताधिकार आहे. तरी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्या तरुणांची नोंदणी झाली, त्यांची संख्या होती एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात, आणि ती त्या वयोगटाच्या अंदाजित लोकसंख्येच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी होती. ज्याचे नाव यादीतच नाही त्याला ‘बाहेर पड आणि मत दे’ असे गाऊन सांगणे म्हणजे तिकीट न काढलेल्याला गाडीची वेळ सांगण्यासारखे आहे. मध्यमवर्गीय मराठी घरांतील चित्र आठवून पाहा. मुलगा लातूरचा, शिकायला पुण्यात, मग नोकरीसाठी हिंजवडीत. नाव एक तर कोठेच नाही, किंवा गावच्या यादीत आहे आणि मतदानाच्या दिवशी रजा नाही. मुलीचे लग्न होऊन ती ठाण्याहून नाशिकला गेली. सासरचा पत्ता आधारवर बदलला, बँकेत बदलला, गॅसच्या जोडणीवर बदलला. मतदार यादीत मात्र ती अजून माहेरीच आहे. मुलांच्या प्रवेशासाठी जे आई-वडील एवढी धावपळ करतात, त्यांनी मुलाचा सहा क्रमांकाचा अर्ज भरला का, हे त्यांना विचारून पाहावे. नव्या मतदारासाठी सहा क्रमांकाचा आणि पत्ता बदलण्यासाठी आठ क्रमांकाचा अर्ज असतो, हे किती सुशिक्षित घरांत ठाऊक आहे?

नियम तर सोपे झाले आहेत. पूर्वी वर्षातून एकच, १ जानेवारी ही अर्हता दिनांक असे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी आगाऊ अर्ज देऊ शकतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर किंवा गावी, कोठे तरी एके ठिकाणी, नाव नोंदविता येते. आतापर्यंत आलेल्या मतदानगीतांतून या चार तारखांपैकी एकही माझ्या कानी पडलेली नाही. मतदानाच्या पंधरा दिवस आधी गाणे येते, आणि तोवर नोंदणीची मुदत टळलेली असते.

मतदानाचा टक्का देशभरात वाढला आहे, हे खरे. २००९ मध्ये लोकसभेसाठी ५८ टक्के मतदान झाले, २०१४ मध्ये ६६, २०१९ मध्ये ६७. २०२४ मध्ये ते ६६ च्या किंचित खाली आले. आयोगाच्या जागृती कार्यक्रमांचा त्यात वाटा असणारच. पण २०१४ ची उडी कोणत्या गीताने घडविली असे कोणी म्हणू धजणार नाही. आपल्या मताने सत्ता पालटू शकते, ही खात्री ज्या वेळी समाजाला वाटते त्या वेळी समाज उठतो, आणि ती खात्री गल्लीतल्या माणसाच्या तोंडून ऐकलेली असते. केंद्रांवरील गैरसोयीही दुर्लक्षून चालणार नाहीत. मे २०२४ मध्ये मुंबईच्या अनेक केंद्रांवर लोक उन्हात ताटकळले. आलेल्यांचा असा अंत पाहिला तर पुढच्या वेळी कोणते गाणे त्यांना आणणार?

आणि मत देणे एवढ्यावरच विषय संपत नाही. ‘कोणालाही द्या, पण द्या’ हे वाक्य यंत्रणेच्या तोंडी शोभते, तिने तेवढेच म्हणावे. समाजाचे काम त्याच्या पुढचे आहे. दीनदयाळजी त्यासाठी ‘लोकमत परिष्कार’ हा शब्द वापरीत. १९६३ मध्ये जौनपूरच्या पोटनिवडणुकीत ते स्वतः उभे होते; ब्राह्मण म्हणून ब्राह्मणांची मते मागण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि ते हरले. तीन मिनिटांच्या गीतात हे मावणार नाही. बोटाची शाई छायाचित्रात येते, जात पाहून दाबलेले बटण येत नाही. तरुणाशी त्याबद्दल बोलायचे तर त्याच्या घरी बसून, प्रसंगी त्याचे उलट बोलणे ऐकून घेऊनच बोलावे लागेल. आजच्या तरुणाला प्रवचन नको असते, हे आपल्यातील काही ज्येष्ठांनी लक्षात घेतले तर बरे.

म्हणून आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी गाणी करावीत, जरूर करावीत. शाखेत पद्य म्हणत वाढलेल्याला गाण्याचे सामर्थ्य शिकवावे लागत नाही. रॅप करावे, पोवाडा करावा, गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात म्हणावे. पण ते करणाऱ्या गटाने आपल्या वस्तीची मतदार यादी एकदा हाती घ्यावी. ती आयोगाच्या संकेतस्थळावर भागवार मिळते. एका भागात साधारण हजाराच्या आसपास नावे असतात. एवढी घरे एका गटाला दोन रविवारांत पालथी घालता येतात. कोणत्या घरातील मुलगा-मुलगी येत्या तारखेला अठरा पूर्ण करीत आहे, कोण सोडून गेले, कोण भाड्याने नवे आले, कोणत्या आजोबांना केंद्रापर्यंत नेण्यास वाहन लागेल, हे लिहून काढावे आणि अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे पोहोचले की नाही ते पाहावे. हे काम पक्षाचे पन्नाप्रमुख निवडणुकीच्या तोंडावर करतातच. ते त्यांच्यावर सोडून आपण मोकळे होऊ नये, कारण ते आपल्या मतदारासाठी करतात आणि येथे प्रश्न सगळ्या वस्तीचा आहे. गणपतीच्या वर्गणीला जाणारी मुले प्रत्येक दार ओळखतात. यंदा वर्गणीच्या पावतीपुस्तकाबरोबर सहा क्रमांकाच्या अर्जांचा एक गठ्ठा त्यांच्या पिशवीत असावा. गणेशोत्सवानंतर येणारी तारीख १ ऑक्टोबरची असते.